ॲव्हरेज

दर शनिवारी शेठ एकच विचारतात,
"येमूल, ॲव्हरेज किती?"
गाडी ऐंशी लाखांची
आणि प्रश्न माझ्या लुनाला विचारावा तसा.

मी सांगतो, सतरा पॉइंट चार.
रविवारी धाकटे मालक स्वतः चालवतात,
बटण फिरवून स्पोर्टला टाकतात,
तेव्हा नऊ पॉइंट दोन.
ते पाप मी सोमवारपासून फेडत बसतो,
पायाखालचं ॲक्सिलरेटर असं दाबत,
जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण.

स्क्रीनवर चित्र आहे :
एक इंजिन, एक मोटर, मध्ये बॅटरी,
आणि निळे बाण, इकडून तिकडे, तिकडून इकडे.
शोरूमच्या पोरानं अर्धा तास समजावलं.
मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं.
बाण कुठले ओ, सूत आहे ते.
बावीस वर्षं मागावर काढली मी, अक्कलकोट रोडला.
ताणा ओढला की तुटतो,
सैल सोडला की चादर पोटात फुगते,
आणि मालकाला पाहिजे
वजन भारी, सूत कमी, काठ सरळ.
तिन्ही एकदम.
तेव्हाही.

वळणाचं म्हणाल तर
अडीच टनाचं धूड आहे.
तुळजापूरच्या घाटात मालकीणबाई मागे बसतात,
मांडीवर परडी, परडीत कुंकू.
धाकट्यांनी एकदा तिसरं वळण ताकदीच्या भरात घेतलं.
साय-रंगाच्या लेदरवर सांडलेलं कुंकू
मी दोन तास पुसत होतो;
शिवणीत अजून आहे थोडं.
माझ्या हातात परडी हलत नाही.
कंपनीच्या कागदावर हा आकडा कुठेच नाही.

आणि उतार.
पाय उचलला की गाडी उतार खाते,
वीज करून पोटात ठेवते,
पुढच्या चढाला काढते.
उतार फुकट जात नाही, हे मला आवडलं.
माझे बरेच गेले.

मे महिन्यात मात्र सगळं गणित वितळतं.
चव्वेचाळीस डिग्री, एसी बॅटरी चाटून पुसून खातो,
सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या उभ्या
इंजिन न विचारता जागं होतं.
शेठ मागून म्हणतात, "बंद कर की."
ते माझ्या हातात नाही, हे कसं सांगायचं?
मागही असाच अधूनमधून स्वतःच्या मनाचा असायचा.

परवा पहाटे पाचला
पूर्व भागातून गाडी काढली, मोटरवर, आवाज शून्य.
पूर्वी या बोळात दोन माणसांना
एकमेकांच्या कानात ओरडावं लागे.
आता खटखट नाही. कुत्रंसुद्धा उठलं नाही.
कट्ट्यावर चिलवेरी नरसय्या,
माझ्या शेजारच्या मागावरचा,
पाठ करून बसलेला. वळला नाही.
मुकी गाडी आणि बहिरा माणूस.

काच खाली केली. मोठ्यानं, "अन्ना!"
उठला, आला, गाडीला एक फेरी मारली,
मग बॉनेटवर तळवा ठेवला,
जसा आम्ही मागाच्या चौकटीला लावायचो,
कानांपेक्षा तिथं जास्त ऐकू यायचं म्हणून.
"बंद पडली का बे?"
"नाही अन्ना, चालूच हाय की."
त्यानं माझ्याकडे असं बघितलं
की मला माझाच पगार खोटा वाटला.

मी एसी सोळावर टाकला.
बाण सरकले. बॅटरी दमली. इंजिन लागलं.
त्याच्या तळव्याखाली काहीतरी थरथरलं,
मग खांदे सैल झाले,
तोंडातल्या उरलेल्या चार दातांनी तो हसला :
"हां. आता लागला माग."
आम्ही तसेच उभे होतो बराच वेळ,
पेट्रोल जळत.

शनिवारी सोळा पॉइंट आठ.
शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "का रे?"
म्हटलं, ट्रॅफिक होतं.
पहाटे पाचला, सोलापुरात.